जेनोवाचं पत्र आणि दाजींची लॅटिन

या, असे जवळ सरकून बसा. कीर्तनाचे बुवा आंघोळीला गेलेत, तोवर आरोंद्याच्या शेवंतीची गोष्ट सांगतो. ह्याच देवळात घडलेली आहे, मी डोळ्यांनी पाहिलेली.

साल अठ्ठावन्न. शेवंतीचा नवरा सत्यवान परदेशी मालबोटीवर खलाशी. पाच महिने त्याची खबर नव्हती. एका दुपारी लिफाफा आला तो इटलीतल्या जेनोवाच्या इस्पितळातून, आणि कोपरा फाटलेला. वाटेत फाटला की तिकिटासाठी कुणी फाडला, देव जाणे. पण मयताच्या पत्राचा कोपरा फाडायची आपली रीत. सासू सुभद्रा लिफाफा बघून उंबऱ्यावरच मटकन बसली. शेजारची हौसाबाई बांगड्या फोडायला दगड घेऊन हजर झाली.

शेवंती लिफाफा घेऊन धावत सुटली ती थेट देवळात, दाजींसमोर. पाठोपाठ बायका.

दाजी मूळचे पेडण्याचे. पणजीच्या शाळेत पोर्तुगीज आणि लॅटिन शिकले, सत्याग्रहात नाव आलं म्हणून खाडी ओलांडून आमच्यात आले आणि कीर्तनाला झांज धरू लागले. शब्दांची गोत्रं जुळवायचा त्यांना भारी नाद. लॅटिनचा 'देन्स' तोच आपला दंत, असं ते सांगत. बुवा ते पूर्वरंगात घेत आणि आम्ही माना डोलवत असू.

"दाजीनू, वाचा."

"गो बाय, ही इटालियन. माका येणा नाय."

"तुमच्या लॅटिनाची लेक मां ती?"

"लेक आसा. पण सारख्या तोंडाचे सगळे भाऊ नसतत. हिंदीत शिक्षा शाळेत गावता, आपल्याकडे पोलीस चौकीर." कुणी हसलं नाही.

"वाचूचा काय आसा? कोपरोच बोलता," हौसाबाई म्हणाली.

शेवंती गर्रकन वळली. "त्या लोकांका आपलो रिवाज खंय ठावक? वाचल्याबिगर मी बांगड्यो फोडूचंय नाय."

दाजींनी चष्मा पुसला, परत पुसला. "जेंतीले सिन्योरा... फिरंगी आमका जेंतीव म्हणत, म्हणजे काफर. पण दोनूय शब्दांचा कूळ एकच, आपल्या 'जना'चा. इस्पितळातलो मनीस शिवी कित्याक देईत? भली बाई, असाच काय तरी..."

"फुडे!"

"ओस्पेदाले, इस्पितळ. फेब्रे, ताप." बोट पुढच्या ओळीवर गेलं आणि थांबलं.

मी शेजारीच होतो. 'मोर्तो'. ते कळायला मला लॅटिन लागली नाही. मृत्यू त्यात उघडाच बसला होता.

"बोट थांबला कित्याक?" शेवंतीचा आवाज अगदी बारीक झाला होता.

दाजींना खोटं बोलता आलं असतं. ते म्हणाले, "हयसर एक मरण आसा."

सुभद्रेनं हंबरडा फोडला. हौसाबाईनं शेवंतीचं मनगट धरलं.

"थांबा!" दाजी ओरडले. देवळात त्यांचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नव्हता. "कोणाचा ता बघूक द्या." घाम कागदावर टपकत होता. "कोंपान्यो... 'को' म्हणजे सोबत. 'पानिस' म्हणजे पाव. एका पावातलो अर्धो जो खाता तो. सोबती! सोबती मेलो."

"कोणाचो सोबती? आमचोच तो नसात?" हौसाबाईनं मनगट सोडलं नव्हतं.

दाजींचे ओठ हलत होते. विठ्ठला, एवढा एक शब्द उलगडू दे, असं मी मनात घोकत होतो. मग ते सावकाश वाचू लागले. "सत्यवान... मांदा, धाडता. सालूती, कुशल. माद्रे, ती आपली माता, आवशीक." ते हसले की रडले, कळलं नाही. "मेलेलो मनीस आवशीक आपला कुशल धाडता काय गो?"

सुभद्रा तिथंच आडवी झाली. हौसाबाईनं दगड पदराखाली लपवला.

"आनी माका?" शेवंती म्हणाली.

"मोल्ये... लॅटिनात मुलियेर, बायलमनीस. बायको! ती तूच गो!"

बायका हसल्या, रडल्या. सुभद्रा उठून साखर आणायला निघाली, तशी शेवंतीनं तिचा पदर धरला.

"आये, साखर नको. दाजीनू, तो सोबती खंयचो? तेचा नाव?"

दाजींनी कागद उलटून पाहिला. "नाव लिवूक नाय."

शेवंती गाभाऱ्याकडं तोंड करून बसली. साखर वाटली नाही. त्या दिवशी कीर्तन झालं, पण बुवांनी पायपेटी लावू दिली नाही.

सत्यवान तीन महिन्यांनी आला. तापात त्याला पाणी पाजणारा तो सोबती. त्याला शिवा म्हणत, एवढंच सत्यवानाला सांगता आलं. गाव माहीत नाही, घर माहीत नाही. कुठल्या तरी दारात कुणी त्याची वाट बघत बसलं असेल.

आता बुवा उभे राहतील. हात जोडाल तेव्हा एकदा त्या शिवाची आठवण काढा.