भुरूचा पट्टा

बकुळाबाईंना आयुष्यातली सालं आठवत नसत, कुत्री आठवत. मुलींच्या शाळेतून पेन्शन घेऊन त्या आठवणी लिहायला बसल्या, त्याही कुत्र्यांच्या क्रमाने. तांबूच्या वेळचं हेदवीचं बालपण. नवव्या वर्षी सासरी निघाल्या तेव्हा तो छातीभर पाण्यात शिरून होडीमागे आला होता. चांदूच्या वेळचं राजापूर. तिथं नवरा गेला, केस गेले, आणि त्या ताज्या बोडक्या डोक्यावर पहिल्यांदा कुणी हनुवटी टेकली असेल तर ती चांदूने. वहीची पहिली ओळ होती, ‘माणसांनी मला दाराबाहेर बसवले, कुत्री माझ्याजवळ येऊन बसली.’

पुढे बाई शिकल्या, मास्तरीण झाल्या, केस वाढवले. रत्नागिरीत धाकट्या भावाने, भिकाजीने, ओटीलगतची खोली दिली. पण केस राखलेल्या विधवेच्या हातचं श्राद्धाला चालत नाही. वडिलांच्या पक्षाला दरवर्षी त्या खोलीत बसून राहत. अलीकडे सोबतीला भुरू हा कुत्रा असे.

यंदा भाद्रपदात दवंडी फिरली, गळ्यात पट्टा नसलेलं कुत्रं दिसलं की नगरपालिकेचे दांडकेवाले मारणार. बाईंनी त्याच दिवशी चामड्याचा पट्टा करून आणला.

पक्षाच्या सकाळी भावजय कमळा दाराशी आली. भाजलेल्या हाताला चिंधी होती.

“वन्सं, खीर-वडे आज तुम्ही करा. यांनी भटजींना विचारलंन. चालेल म्हणाले.”

बाई लगेच उठल्या.

“तेवढं ते चामडं काढा त्याच्या गळ्यातलं. मग बसू दे बापडा परसात.”

बाईंनी पट्टा काढून खुंटीला अडकवला, आंघोळ केली, सोवळं नेसल्या. वडिलांच्या नावाने दूध आटवताना त्या क्षणभरही चुलीपासून हलल्या नाहीत.

भटजी आले नि परसाकडे पाहून थबकले. “कुत्र्याची नजर पडली की अन्न पितरांचं राहत नाही. घालवा त्याला.”

भुरू बाईंकडे बघून शेपूट हलवीत होता. पट्टा खुंटीला होता. चामड्याला शिवलं की सोवळं मोडलं, आणि खीर गेली.

बाईंनी लाकडाची ढलपी घेतली. लांबूनच टोचत त्याला दगडी गडग्याच्या फाटकाबाहेर काढलं. त्याला वाटलं, खेळतायत. दोनदा परत आला. तिसऱ्यांदा त्यांनी ढलपी मारली.

पिंडाला कावळा लगेच शिवला. “आक्का, बाबा तृप्त झाले बघ,” भिकाजी म्हणाला.

पानं उठल्यावर पट्टा घेऊन बाई धावल्या. वळणावर दांडकेवाल्यांची गाडी उभी होती. गाडीतल्या मेलेल्या कुत्र्यांत भुरू अगदी वर होता.

आठ दिवस वही उघडली नाही. भिकाजी समजावायला आला. “दांडकेवाल्यांनी मारलान असं लिही, आक्का. खोटं थोडंच आहे?”

“मारला त्यांनी,” बाई म्हणाल्या. “पण गाडीतही तो घराकडे तोंड करून पडला होता.”

आतून कमळा म्हणाली, “वन्सं, पुढल्या साली खीर तुम्हीच करा हं. हाताला चव आहे.”

बाईंनी पहिलं पान उघडलं आणि त्या ओळीखाली लिहिलं, ‘भुरूला मी दाराबाहेर काढले.’

मग टाक तसाच धरून राहिल्या. वरच्या ओळीला पुढचा अर्धा भाग होता. ह्या ओळीला नव्हता. भुरूजवळ कुणी येऊन बसलं नव्हतं.