हळदीच्या दुकानातलं माझं नरसाळं

मित्रांनो, मी म्हातारा असेन, पण डुप्लिकेट मुळीच नाही! मी किल्लीवर चालणारा ग्रामोफोन. शालनकाकूंच्या लग्नात त्यांच्या वडिलांनी मला आहेरात दिलं. आहेराच्या भांड्यांवर नाव घालतात ना, तसं माझ्या पितळी कर्ण्यावरही त्यांनी घालून घेतलं. काय रुबाब होता माझा! गाणी ऐकायला माधवनगरची अख्खी गल्ली जमायची.

पुढं घर सांगलीला हललं. टेम्पोत कर्ण्याला पोचा पडला. काकूंच्या यजमानांनी, हळदीचे व्यापारी असलेल्या नानासोंनी, हौसेनं नवा चकचकीत कर्णा बसवला. माझा आवाज पार बसला आणि मी माळ्यावर जाऊन पडलो.

शहाण्णव साली एका पाहुण्यानं तो चकचकीत कर्णा बघून मला नकली ठरवलं. नानासो म्हणाले, "घाला भंगारात."

"आवं, माझ्या बापाची एवढीच आठवण हाय!" काकूंचा जीव कासावीस झाला. त्यांनी साताऱ्याहून चारुशीलाताईंना बोलावलं. त्या जुनी यंत्रं दुरुस्त करायच्या.

ताईंनी मला उलटं-पालटं करून पाहिलं. "पेटी, मोटर, किल्ली, सगळं अस्सल आहे. कर्णा तेवढा नवा. याची भोकं जुळत नाहीत, म्हणून दोरीनं आवळलाय. जुना कुठाय?"

"पोचा पडलेला तो दुकानात टाकलावता," नानासो म्हणाले. "पर आता तिथं कर्णा कुठला? हळद भरायचं एक नरसाळं हाय तेवढं."

"तेच आणा!"

नरसाळं आलं. काकूंनी पदरानं पुसलं, तशी पिवळ्या थराखालून अक्षरं उमटली: चि. शालन हीस, वडिलांकडून. भोकं माझ्या मानेशी बरोबर जुळली. ताईंनी किल्ली दिली, तबकडी लावली आणि मी गायलो! किती वर्षांनी मोकळा गायलो, काय सांगू!

खुशीत नानासोंनी कर्ण्यावर टपली मारली. आत साचलेली हळद भसकन काकूंच्या तोंडावर उडाली.

"अगं, तुला पुन्यांदा हळद लागली की!"

काकू हसता हसता रडल्या. भंगाराचं नाव नानासोंनी पुन्हा काढलं नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूला नवा भाग खुशाल बसवा, पण काढलेला भाग तिच्याजवळच ठेवा. आमची ओळख त्यातच असते. आणि नव्यावर माझा राग नाही हं. तो चकचकीत कर्णा आता नानासोंच्या दुकानात असतो. हळद लय झकास भरतो म्हणे!