कापसाच्या गोदामावरून जाणारा उतार

चाळीच्या भिंतीवर लाल रंगाने ‘बी-१७’ लिहून माणसं निघून गेली, तेव्हा बाबा गॅलरीत उभे होते. मला हाक मारून म्हणाले, “गुणे, हे कुणाचं नाव लिहिलं गं?”

“आपलंच,” मी म्हटलं.

शिवडीकडून येणारा नवा उन्नत रस्ता लालबागच्या मागून पश्चिमेला जायचा होता. त्यावरून खाली उतरणारा रॅम्प आमच्या चाळीच्या बरोबर पोटातून. तीस दिवसांत हरकती-सूचना द्या, मग नायगावला सुनावणी, अशी नोटीस जिन्याखाली डकवली होती. चाळीतले बहुतेक लोक खूशच होते. नव्या घरात टाईल्स कुठल्या लावायच्या यावरून दोन घरांत भांडणंही झाली. मला टाईल्स नको होत्या. मला बाबांना त्या खोलीतून हलवायचं नव्हतं, एवढंच.

बाबा सत्याहत्तर वर्षांचे. एके काळी गिरणीच्या साचाखात्यात चार साचे, म्हणजे माग, एकटे चालवायचे. आता माझं नाव आठवतं, आईचं आठवत नाही. पण ही खोली त्यांच्या हातापायांना पाठ आहे. कठड्यावर हात ठेवून सव्वीस पावलं चालले की संडास. परत सव्वीस, की खाट. गेल्या वर्षी भावाने हौसेने नालासोपाऱ्याला नेलं. दुसऱ्या दिवशी बाबा त्याच्या फ्रीजसमोर लेंग्याची नाडी धरून उभे, दार उघडेना म्हणून रडवेले झालेले. मग जेवणच सोडलं. चौथ्या दिवशी मी परत आणलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, यापुढे जागा बदलू नका.

म्हणून मी ठरवलं, रॅम्प हलवायचा.

हसू नका. मी सातवी शिकलेली बाई आहे. गिरण्यांच्या संपाच्या वर्षी आधी दूध बंद झालं, मग शाळा. पण परळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात बावीस वर्षं काढली, तिथे बघून बघून कॉम्प्युटर शिकले. दुकान बंद झालं तेव्हा मालकांनी जुना कॉम्प्युटर मला दिला. त्यावर मी शहरं बांधायचा खेळ खेळते. शेजारच्या लतिकाकाकू म्हणतात, या वयात बायका भजनी मंडळात जातात. मी म्हणते, देवळं माझ्याकडेही आहेत, मी बसवलेल्या गावात चार आहेत.

त्या खेळात मला नाद लागला तो रस्त्यांच्या जोडण्यांचा. दोन मोठे रस्ते एकमेकांवरून जातात आणि गाडी न थांबता एकावरून दुसऱ्यावर उतरते, ती गाठ. खेळ तसा लाड करणारा आहे. घसरगुंडीसारखा उभा उतार काढा, गाड्या मुंग्यांसारख्या चढतात. पण खऱ्यासारखं करायचं म्हटलं की सगळं अडतं. रस्ता पाच मजले उंचीवर असेल तर खाली यायला चारशे मीटर लागतात. वळण आवळलं की गाडी बाहेर फेकली जाते. आणि बाहेर पडणारा फाटा आधी, आत येणारा नंतर. उलटं केलं की निघणारे आणि घुसणारे एकमेकांना आडवे जातात आणि गर्दी मागे शिवडीपर्यंत साचते. हे मी परदेशातल्या पोरांचे व्हिडिओ बघून शिकले. भाषा कळायची नाही, बोट कुठे फिरतंय ते कळायचं.

बाबांना मात्र न शिकवता कळलं. माझ्यामागे स्टुलावर बसून एकदा ते म्हणाले, “हितं तार तुटली.”

“कुठे?”

“तीन आल्या. एक खाली गेली. फुडं दोनच पायजेत, तू परत तीन लावल्यास. ती तिसरी तार मोकळी फिरतेय, सगळ्यांना गुंतवणार.”

मी रस्त्याची ती तिसरी पट्टी काढली. तुंबलेल्या गाड्या सुटल्या. त्या दिवशी बाबा दोन वाट्या भात जेवले.

नोटिशीतला नकाशा मी खेळात उतरवायला घेतला. आमची चाळ, पलीकडचा कारखाना, शिवडीचा रस्ता. बाबा बघत होते. एकदम चिडले. “गिरणी कुठाय? गिरणी नाय तर हा लालबाग कसला?”

गिरणी पडून पंधरा वर्षं झाली. पण त्यांना दुखवून काय मिळणार होतं? मी कारखान्याची एक इमारत घेतली, चिमणी लावली. ते सांगत गेले, मी मांडत गेले. इथे गेट. इथे साचाखातं. इथे कापसाचं गोदाम, आणि त्याच्यापुढे गाठी उतरवायचं मोकळं आवार. इतकं मोठं आवार, की दिवाळीत तिथे कामगारांची नाटकं व्हायची.

मग रोज दुपारी रॅम्प. डावीकडे नेला, तर शाळा आली. उजवीकडे, तर वळण आवळलं. गोल फिरवून आणला, तर रेल्वेच्या तारांना लागला. तेविसाव्या दिवशी तो बसला. फाटा थोडा अलीकडे काढला, सावकाश वळवला, आणि कापसाच्या गोदामावरून, मोकळ्या आवारात, चार टक्के उताराने लोण्यासारखा खाली. आमची चाळ चाळीस मीटर बाजूला राहिली. मी गाड्या सोडल्या. एकही अडली नाही. बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी ओळखीच्या दुसऱ्या झेरॉक्सच्या दुकानात जाऊन मोठ्या कागदावर आठ रंगीत प्रती काढल्या आणि पाकिटात घातल्या.

सुनावणीच्या आदल्या दिवशी शेवंतामावशी आली. ती दर गुरुवारी घावणे घेऊन येते. मावशी म्हणजे दत्तूकाकांची बायको. दत्तूकाका बाबांच्या शेजारच्या साच्यांवर होते. संपाला वर्ष उलटल्यावर आमच्या घरात दोन दिवस चूल पेटली नाही, तेव्हा जॉबर, म्हणजे खात्यातला मुकादम, बाबांना न्यायला आला. म्हणाला, तुझे साचे दुसऱ्याला दिले, दत्तूचे रिकामे आहेत, त्यावर उभा राहा. तू नाही राहिलास तर दुसरा राहील. बाबा अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी गेले नाहीत. पण तोवर दत्तूकाकांचं नाव पटावरून गेलं होतं, ते परत आलं नाही. पुढे ते शिवडीच्या गोदामांत पोती उचलत आणि पंचेचाळिसाव्या वर्षी गेले. हे सगळ्या वाडीला माहीत आहे. मावशीने त्याबद्दल आमच्या घरात कधी शब्द काढला नाही. माझी आई गेली त्या दिवशी ती पेज घेऊन आली, आणि तेव्हापासून येतेच आहे.

“काय गो, कसला चित्र ता?” तिने चष्मा लावला.

मी उत्साहाने पसरून दाखवलं. “ही आपली चाळ, वाचली बघ.”

“बरा झाला.” तिचं बोट फिरत होतं. “ह्यो गेट. ह्या साचाखाता. अगो, गिरण परत बांधलस की काय?” ती हसली. मग बोट गोदामाच्या आवारात थांबलं. “आणि माझा घर खंय गो ह्याच्यात?”

मी तिच्या बोटाखालचं आवार बघितलं.

गिरणी पडल्यावर त्या आवारातच कामगारांसाठी बिल्डिंग झाली. बारा वर्षं अर्ज करून, लॉटरीत नाव लागून मावशीला सातव्या मजल्यावर घर मिळालं. वास्तुशांतीला मी तिच्या पुरणपोळ्या लाटल्या होत्या. मला सगळं माहीत होतं. पण तेवीस दिवस मी बाबांच्या डोळ्यांनी बघत होते, आणि त्यांच्या डोळ्यांत ती जागा मोकळी होती.

मावशीला कळलं. तिने चष्मा काढून पुसला. “म्हणजे गाडये माझ्या खिडकेत येतले? बरा ता. बसस्टॉपावर कित्याक जावचा? खिडकीतसून हात दाखवलो की झाला!”

“मावशी, मी हे देत नाही.”

“दी तू. ते खंय ऐकतत? बावीस माळ्यांची बिल्डिंग कोण पाडता? तुझी चाळ पाडूक सोपी.” आणि घावण्यांवरचं फडकं काढत म्हणाली, “तू नाय दिलस तरी दुसरो कोणतरी देतलो.”

ती सहज म्हणाली असेल. पण खाटेवरचे बाबा उठून बसले. तिच्याकडे बघत हात जोडून म्हणाले, “वैनी, मी उद्यापासून त्याच्या साच्यांवर जात नाय. सांगा दत्तूला.”

“सांगतंय,” मावशी म्हणाली. “घावणे खावा आधी. निवतले.”

नायगावच्या सभागृहात माझा नंबर एकेचाळीस होता. टेबलामागे माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान अधिकारीबाई. दमलेल्या, पण नीट बोलणाऱ्या.

“बी-१७. तुमची हरकत?”

पाकीट मांडीवर होतं. आठ प्रती. मी वरचा कागद थोडा बाहेर काढला, हिरव्या आवारातून गेलेलं माझं वळण दिसलं. आयुष्यात इतकं सुबक मी काही केलेलं नाही. तो कागद मी परत आत सरकवला.

“हरकत नाही. सूचना आहे. तुमच्या नकाशात आत येणारा फाटा आधी आहे आणि बाहेर पडणारा नंतर. साठच मीटर अंतर आहे. तिथे रोज तुंबणार.”

त्यांनी मान वर केली. नकाशा बघितला, पुन्हा बघितला, लिहून घेतलं. “तुम्ही इंजिनियर आहात?”

“सातवी.”

“आणि तुमचं घर...?”

“उताराखाली येतंय. मी सगळीकडून बघितलं, दुसरीकडून जात नाही.” मग म्हटलं, “नवीन घर देताना गॅलरीचं देता येईल का? वडिलांना कठडा लागतो.”

“नवीन बिल्डिंगमध्ये कॉमन गॅलरी नसते हो, ताई,” त्या म्हणाल्या. तेही त्यांनी लिहून घेतलं.

घरी आले तेव्हा लतिकाकाकू बाबांजवळ बसल्या होत्या, त्या उठून गेल्या. मी पाणी प्यायले आणि बाबांना सरळ सांगितलं. ही खोली जाणार. रस्ता येणार. आपण दुसरीकडे जाणार.

त्यांनी खोलीभर नजर फिरवली.

“दुसरीकडं म्हंजे कुठं?”

“देतील तिथे.”

“कुणाला काढून नाय ना?” त्यांचा आवाज बारीक झाला. “कुणाच्या जागेवर नाय ना उभं राहायचं?”

“नाही बाबा. कुणाच्याच नाही.”

“मग ठीकाय.”

ते उठले. खुंटीवरचा सदरा घेतला, बटणं वर-खाली लावली, टोपी घातली, आणि पिशवी मांडीवर घेऊन खाटेच्या कडेला बसले. मी म्हटलं, बाबा, आज नाही, अजून वर्षभर तरी आहे. त्यांनी मान हलवली, पण पिशवी सोडली नाही. मी त्यांची बटणं सोडवून पुन्हा नीट लावली आणि शेजारी बसले.