गंगाखेडच्या पोरींची धाव

रोहिणीने धावत येऊन जमिनीत बसवलेल्या दाबमापक पट्टीवर पाय दिला आणि उडी घेतली. खाली वाळू नव्हती, गादी होती. उठल्यावर तिने हालचाल टिपण्यासाठी अंगाला चिकटवलेले चमकते ठिपके चाचपून पाहिले. एकही निघाला नव्हता.

भिंतीपाशी तिचे प्रशिक्षक शिवप्रकाश सर अवघडून बसले होते. गंगाखेडहून तिला परभणीच्या या प्रयोगशाळेत त्यांनीच आणले होते. इथला अहवाल चांगला आला की राज्याच्या शिबिरात तिची जागा पक्की होती.

प्रयोगशाळेच्या प्रियांका मॅडमनी संगणकावर चित्र लावले. चेहरा नाही, कपडे नाहीत, नुसती ठिपक्यांची बाहुली धावत होती.

"डावा पाय दर पावलाला बाहेर फेकला जातोय," मॅडम म्हणाल्या. "सगळा भार उजव्या गुडघ्यावर. असंच चाललं तर गुडघा जाईल."

सर पुढे वाकून पाहत राहिले. मोटारसायकलच्या अपघातापासून ते स्वतः असाच डावा पाय बाहेर फेकत धावायचे. मैदानावर समजावून सांगायचा त्यांना भारी कंटाळा. "माझ्यामागं पळा, मी करतो तसं करा," एवढेच त्यांचे शिकवणे, आणि पोरी मागोमाग रांगेने पळत. जिल्ह्याच्या स्पर्धेत लोक म्हणत, गंगाखेडच्या पोरी लांबूनच ओळखू येतात. सर ते कौतुक समजून मिशीत हसायचे, वर घरी जाऊन बायकोलाही सांगायचे. आता त्या हसण्याची त्यांना विलक्षण लाज वाटली.

"हे कुणी शिकवलं तुला?" मॅडमनी विचारले.

रोहिणीने सरांकडे पाहिलेसुद्धा नाही.

"कुणी न्हाई, मॅडम. ल्हानपनी झाडावरून पडले होते. तवापासून पाय आसाच हाय."

"जुनी दुखापत? मग तसं लिहावं लागेल. शिबिरात घेणार नाहीत तुला. शिकण्यातली चूक असती तर सुधारता आली असती."

"लिहा, मॅडम."

म्हणजे पोरीला सगळे ठाऊक होते. सरांना मेल्याहून मेल्यासारखे झाले. मग ते उठले, बूट काढले आणि पॅन्ट घोट्याच्या वर दुमडली.

"सर, बसा की तुमी," रोहिणी कळवळून म्हणाली.

"लिहू नका, मॅडम. आधी हे बघा."

सुटलेले पोट सावरत सर त्या पट्टीवरून धावले. मॅडमना यंत्र सुरू करावे लागले नाही. त्यांनी सरांच्या पायांकडे पाहिले, मग रोहिणीकडे, आणि हातातले पेन खाली ठेवले. रोहिणीने भिंतीकडे तोंड फिरवले होते.

सर पलीकडच्या टोकाला धापा टाकत उभे राहिले. मान वर करायचे धाडस त्यांना होत नव्हते.

"गावाकडं आनखी लय पोरी हायत, मॅडम," ते म्हणाले. "त्यान्ला कधी आनू?"