पलीकडच्या वाळूतली टरफलं

थंडीत गंगेचं पाणी उतरलं की पलीकडच्या वाळूवर कासवं उन्हाला येतात. तो सगळा पट्टा कासवांसाठी राखीव आहे. विद्यापीठाच्या ग्रंथालयातून निवृत्त झाल्यावर मी वनखात्याला कासवांची खबर देऊ लागलो. या कामात कुणाशी फारसं बोलावं लागत नाही, ते मला बरं.

यंदा कासवं कमी दिसत होती, आणि ढुंढिराज रोज सकाळी होडीनं पलीकडे जात होता.

ढुंढिराज माझा लहानपणापासूनचा मित्र. महाराष्ट्रातून येणाऱ्या यजमानांची श्राद्धं चालवतो. दिवाळीत आजारानं पार वाळला होता; डॉक्टरांनी काहीतरी ताकदीचं खायला सांगितलं होतं. आता गालांवर तकाकी आली होती. हातात फडक्यात बांधलेला डबा. कशाला जातोस विचारलं तर म्हणाला, "हवा खायला." हवेला डबा कशाला? सोमवारी आणि एकादशीला मात्र जात नसे.

म्हणून एका एकादशीला मी गेलो. झुडपामागे पांढरी टरफलं अर्धवट पुरलेली. कासवाचं अंडं पांढरं असतं, असं मी वाचलं होतं. अंडी चोरल्याची नुसती कुजबुज झाली, तरी त्याच्या दारात एक यजमान फिरकला नसता. आणि मला तरी दुसरा मित्र कुठे होता?

टरफलं रुमालात बांधून आणली. माझंच चुकत असेल म्हणून पुन्हा पुस्तक उघडलं. चित्र पुसट होतं.

शेवटी वनरक्षक यादवजींपुढे रुमाल सोडला. नाव घ्यायचं नाही, नुसतं विचारायचं, असं ठरवलं होतं.

त्यांनी तुकडा उचलला आणि त्यांना हसू आवरेना. "पंडितजी, ई त मुर्गी का अंडा है! कभी देखा नहीं?"

"हमारे घर में नहीं आता."

"और कछुआ तो धूप निकले तब न दिखेगा. इतना कोहरा है." त्यांनी बाहेरच्या दाट धुक्याकडे हात केला, मग डोळे बारीक केले. "लेकिन उस पार जाकर, छुपके, अंडा कौन खाता है?"

आजार, डॉक्टर, तकाकी, एकादशी. सगळं एकदम माझ्या ध्यानात आलं.

"कोई टूरिस्ट होगा," मी म्हणालो. इतकं चटकन उत्तर मी आयुष्यात कधी दिलं नसेल.

दुसऱ्या दिवशी ढुंढिराज घाटाच्या पायरीवर माझी वाटच बघत होता. डबा पाठीमागे.

"रत्नाकर, परवा पलीकडे गेला होतास म्हणे. नाववाला सांगत होता."

"कासवं बघायला."

"दिसलं काही?"

"टरफलं दिसली. जरा खोल पुरत जा. यादवजींचं लक्ष आहे."

त्याचा चेहरा उतरला. "आमच्या घरी काही बोललास?"

"नाही."

"शपथ?"

"अरे, नाही म्हटलं ना. जा, गार होतील."

तो होडीत बसला. मधल्या धारेपर्यंत मागे वळून वळून माझ्याकडेच बघत होता.