माती उकरणारा देवराव

येत्या दसऱ्याला बौद्ध धम्माच्या दीक्षेला वर्ष होणार होतं. त्याआधीच घाटंजीच्या वस्तीतल्या लोकांनी स्वतःचा आखाडा काढला. गावच्या तालमीत त्यांना कधी कोणी उतरू दिलं नव्हतं. पहिल्या दिवशी बावीस जण लंगोट बांधून हजर. शिकवायला जवळच्या तांड्यावरून खेमसिंग वस्ताद उजाडताना चालत यायचा.

त्या बावीस जणांत देवराव शिंपीकाम करणारा. वय पस्तीस. दिवसभर मशीनवर बसून कंबर धरलेली, पोट सुटलेलं. पहिल्याच दिवशी त्यानं जोशात शंभर बैठका मारल्या. दुसऱ्या दिवशी मशीनचं पायडल हलवता येईना. तिसऱ्या दिवशी तो गेलाच नाही. आठ दिवसांनी पुन्हा गेला, पुन्हा तेच. असं तीनदा झालं. मग लाज वाटून त्यानं आखाड्याची वाटच सोडली.

एक दिवस खेमसिंग त्याच्या दुकानाशी येऊन उभा राहिला.

"देवराव, काहून येत नाई?"

"माह्यानं नाई होत, वस्ताद. मनाचाच कच्चा हावो मी."

"मनाले कायले दोष देतं? तू पहिल्याच दिवशी शंभर मारतं, मंग अंग नाई म्हणते. उद्यापासून फक्त पाच बैठका. सहावी मारली तं हाकलून देईन. अन् माती तू उकरजो. माती मोकळी झाल्याबिगर कोणीच उतरत नाई."

दुसऱ्या दिवशी देवरावानं फावडं हातात घेतलं. माती घट्ट बसली होती. काठावर चार जण वाट पाहत उभे होते. माती मोकळी करून त्यानं पाच बैठका मारल्या. एवढ्याशानं काय होणार, असं वाटलं खरं. पण पाय शाबूत होते. उद्या आपण गेलो नाही तर ही माणसं तशीच परत जातील, हे त्याला घरी बसल्या बसल्या जाणवू लागलं. आणि तो उठू लागला. महिन्याभरात खेमसिंगनं पाचाच्या दहा केल्या.

कापूस फुटला तशी माणसं वेचणीला लागली. आखाड्यात नऊच उरले. देवरावाकडंही दिवाळीच्या शिलाईचा ढीग पडला. त्याची बायको सत्यभामा म्हणाली, "चार दिवस नाई गेले तं आखाडा काय पळून जाते?"

"आखाडा नाई पळत, मी पळतो. तीनदा पळालो."

तो गेला, माती उकरली, पाचच बैठका मारल्या आणि मशीनवर येऊन बसला.

पौषात त्याला हिवताप आला. बारा दिवस अंथरूण. उठला तेव्हा भिंत धरून चालावं लागलं. सगळं वाया गेलं, आता कोणत्या तोंडानं जायचं, म्हणून तो ओसरीवर बसून राहिला. दोन सकाळी अशाच गेल्या. तिसऱ्या दिवशी सत्यभामानं लंगोट त्याच्या मांडीवर टाकला.

"जा. इथं बसून पायात जोर नाई येत."

आखाड्यात शेजारचा पंजाबराव माती उकरत होता. ढेकळं तशीच राहिली होती. देवरावाला पाहताच त्यानं फावडं पुढं केलं. "घे बापा. माह्या हातानं नाई जमत हे."

देवरावानं दमत, थांबत अर्धी माती उकरली. बाकीची पंजाबरावानं केली.

"आज पाच मारतो, वस्ताद."

"तीन," खेमसिंग म्हणाला.

तिसरी मारताना देवरावाला पंजाबरावाचा खांदा धरावा लागला. दुसऱ्या दिवशी त्यानं चार मारल्या, खांदा न धरता.

पुढच्या वर्षीच्या दसऱ्याला वस्तीत कुस्त्या ठेवल्या. देवराव आयुष्यात पहिल्यांदा कुस्तीला उतरला, पंजाबरावासमोर. पापणी लवायच्या आत पाठीवर आला. लोक हसले, तोही हसला. "पुन्हा," म्हणाला. पुन्हा पडला. तिसऱ्या खेपेला मात्र त्यानं कंबर अशी धरली, की पंजाबरावाला घाम फुटला. बराच वेळ दोघं जागच्या जागी घुमत राहिले. शेवटी देवरावच चीत झाला.

खेमसिंगनं त्याला हात देऊन उठवलं. "उद्या सुट्टी घेतं का?"

"नाई," तोंडातली माती थुंकत देवराव म्हणाला. "उद्या अर्धा घंटा लवकर येतो. त्यानं मले कसं पाडलं, ते शिकवा."