लाळेचा निकाल

यंत्र जेवणाच्या डब्याएवढं होतं, पण त्याने दोन माणसांचा जीव टांगणीला लावला होता.

पूर्वी रक्ताचा नमुना मोठ्या प्रयोगशाळेत जायचा आणि निकाल येईपर्यंत शेडच रिकामी व्हायची. आता दादाची धाकटी बहीण स्वतःच प्रयोगशाळेत कामाला होती आणि हे नवं यंत्र घेऊन थेट त्याच्या डुकरांच्या फार्मवर आली होती. सुई नाही, पकडापकडी नाही. शेडमध्ये सुती दोरी टांगायची, डुकरं ती चावून चावून तिचा चोथा करतात, मग दोरी पिळून लाळ तपासायची. आसपास विषाणूचा ताप पसरला होता. निकाल चांगला आला तर दुपारी पिल्लांचा ट्रक सुटणार, वाईट आला तर या शेडमधलं प्रत्येक जनावर मारावं लागणार होतं.

दादा नुसत्या येरझाऱ्या घालत होता. बसला की पाय हलवायचा, उठला की खिडकी गाठायचा. डॉक्टरीणबाईंच्या यंत्राला डुलकी लागली वाटतं, असा टोमणाही मारून झाला.

शेवटी हिरवा दिवा लागला. विषाणू नाही. दादाने तिला उचलून नाचायचंच काय ते बाकी ठेवलं आणि ट्रकवाल्याला फोन लावला.

तिला मात्र आनंद काही केल्या होईना. हात धुतले, परत धुतले. सकाळ डोळ्यांसमोर आणली. दोरीभोवती ही झुंबड, ढकलाढकली, आणि लांब कोपऱ्यात राणीसरकार. दादाची लाडकी डुकरीण, खायला एरवी सगळ्यांच्या पुढे. तिने दोरीकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. नखरे करतेय, असं वाटून हीसुद्धा हसली होती. पण ताप आला की आधी भूक मरते. दोरीवर लाळ होती ती फक्त धडधाकटांची.

"दादा, राणीसरकार जेवल्या का रे?"

त्याने फोन कानापासून लांब धरला. "रुसलीय ती. तू नको तिच्या नादी लागू."

"कधीपासून रुसलीय?"

त्याने फोन परत कानाला लावला. राणीसरकारची लाळ घ्यायला तिने कापसाची काडी उचलली, तसा तो दारात आडवा आला. आधी पिल्लं जाऊ देत, मग काय हवं ते तपास, म्हणाला. ती पिल्लं ज्यांच्या शेडमध्ये उतरणार त्यांना काय सांगायचं, एवढंच तिने विचारलं. तो बाजूला झाला, पण तिच्याबरोबर गेला नाही.

या खेपेला येरझाऱ्या तिच्या होत्या. दादा खुर्चीत दगडासारखा.

लाल दिवा.

त्याने स्वतःच ट्रकवाल्याला फोन केला, फाटकाच्या आत चाकसुद्धा घालू नकोस म्हणून बजावलं. मग खाली बघतच विचारलं, "पलीकडची शेड?"

ती शेड वहिनी सांभाळायची. "तिथे कुणी रुसलंय? खरं सांग."

"नाही. तिथे सगळे भस्म्या झाल्यासारखे खातात."

"मग आपण दोघांनी तिकडे पाऊलही टाकायचं नाही, आपल्या पायांवरून विषाणू जाईल. दोरी वहिनीच टांगेल."

दादा कुंपणापाशी गेला आणि तिथूनच त्याने बायकोला हाक मारली. पहिली हाक तिकडच्या डुकरांच्या गोंगाटात विरली. दुसरी पोचली.